परिषदेचा प्रवासखर्च आणि खानदेशातील कुटुंब-समुपदेशन

कौटुंबिक हिंसाचारविषयक २००५ च्या कायद्याचे १४ वे कलम दंडाधिकाऱ्यास समुपदेशनाचा आदेश देण्याचा अधिकार देते. समुपदेशकाच्या परिषद-प्रवासाचा खर्च कोणी सोसावा, याविषयी मात्र ते मौन बाळगते. कुटुंब-समुपदेशन केंद्रांना अनुदान देणारे केंद्रीय समाजकल्याण मंडळ (स्थापना १९५३) २०२२ मध्ये बंद झाले. उरतो कंपन्यांचा सामाजिक दायित्वनिधी. तो प्रकल्पास मिळतो, एकेरी समारंभास नव्हे. म्हणून प्रवासभाडे सुटे न मागता वर्षाच्या समुपदेशनकार्याच्या अंदाजपत्रकातच प्रशिक्षणाची बाब घालावी.

'ज्ञानवृद्धी होईल' एवढ्यावर बहुतेक अर्ज थांबतात. देणाऱ्याचे त्याने समाधान का व्हावे? जळगाव-धुळ्याच्या समुपदेशकाजवळ याहून भक्कम कारण आहे. ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात खानदेशीची मांडणी भिल्ली बोलींसमवेत केली. ते वर्गीकरण वादग्रस्त असो, प्रमाण मराठीपासूनचे अंतर खरे आहे. पीडित स्त्री 'आंडेर' म्हणते, नोंदवहीत 'मुलगी' उतरते. एवढ्याने बिघडत नाही. परंतु संमती, नकार आणि धमकी यांच्या छटा अशाच पुसल्या गेल्या, तर दंडाधिकाऱ्यापुढे जाणारा अहवालच सदोष होतो. हाच प्रश्न परिषदेत मांडणार असल्याचे अर्जात लिहावे, आणि नावे वगळून दोन-तीन नोंदी जोडाव्यात.

जळगाव मुख्य लोहमार्गावर आहे, धुळे चाळीसगावच्या फाट्यावर. दोहोंचे भाडे एकाच आकड्यात दाखवू नये. शासकीय अनुदान मिळाल्यास विनियोग-प्रमाणपत्र द्यावे लागते, सबब तिकिटे व नोंदणीशुल्काची पावती जपून ठेवावी.