बाळाची पावडर : कंपनी काय म्हणते, आपण काय करावं?

बाळंतविड्यात काय काय असतं ते आठवून पाहा. झबली-टोपडी, दुपटी, काजळाची डबी आणि त्यात हमखास पावडरचा एक पांढरा डबा! आमच्या जळगाव-धुळ्याकडे तर या डब्याशिवाय उन्हाळा निघत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की लेकरांच्या मानेवर, पाठीवर घामोळं फुलतं आणि घरोघरी पावडरचे थर चढतात. आजीने आईला लावली, आईने आपल्याला, आपण मुलांना. इतक्या विश्वासाच्या वस्तूवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, असं वाचलं की जीव चरकतोच.

बायकांच्या गप्पांत हा विषय निघाला की दोन टोकं ऐकू येतात. एक म्हणते, “बाई, त्या पावडरीने कॅन्सर होतो म्हणे!” दुसरी म्हणते, “काही नाही ग, कोर्टात कंपनी सुटली.” खरं तर ही दोन वेगवेगळी प्रकरणं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की काहीच उमगत नाही. म्हणून जरा नीट पाहू.

पावडर मुळात दगडाची असते. टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं. सगळ्या खनिजांत ते मऊ, नखाने खरवडता येणारं. ओल शोषून घेतं आणि कातडीला कातडी घासू देत नाही. पण जमिनीत याच्या शेजारी कधी कधी ॲस्बेस्टॉस सापडतं, आणि त्याच्या बारीक तंतूंनी कर्करोग होतो याबद्दल शास्त्रज्ञांत दुमत नाही. तांदळात खडा यावा तसा हा तंतू टाल्कमध्ये येऊ नये, हीच सगळी काळजी.

जॉन्सन अँड जॉन्सनची बेबी पावडर १८९४ पासूनची. डिसेंबर २०१८ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी दिली, की १९७१ पासून पुढे कित्येक वर्षं काही चाचण्यांत टाल्कमध्ये ॲस्बेस्टॉसचा अंश आढळला होता आणि कंपनीला ते ठाऊक होतं. कंपनीने हे साफ नाकारलं. अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन, आपल्या बाजूने विज्ञान आहे, असं सांगितलं. आपल्याकडेही सरकारी तपासनीसांनी मुलुंड आणि बद्दीच्या कारखान्यांतून नमुने घेतले. फेब्रुवारी २०१९ मध्ये, सरकारी चाचण्यांत ॲस्बेस्टॉस आढळलं नाही म्हणून उत्पादन पुन्हा सुरू करतो आहोत, असं कंपनीने जाहीर केलं.

अमेरिकेत मात्र हजारो बायकांनी दावे लावले. २०१८ मध्ये सेंट लुईसच्या ज्यूरीने २२ जणींच्या दाव्यात ४६९ कोटी डॉलर्सची भरपाई ठरवली. अपिलात ती कमी होऊन २१० कोटींच्या आसपास आली. मे २०२० मध्ये कंपनीने अमेरिका-कॅनडात टाल्कची बेबी पावडर विकणं थांबवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये, २०२३ पासून जगभर मक्याच्या स्टार्चचीच पावडर विकू, असं जाहीर केलं. पण त्या वेळीही, “आमची टाल्कची पावडर सुरक्षितच आहे,” हे पालुपद सोडलं नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातलं प्रकरण. ते कर्करोगाचं नव्हतंच! पुणे आणि नाशिक इथे घेतलेले नमुने तपासणीत उतरले नाहीत. आयएस ५३३९ या बाळांच्या पावडरीच्या मानकाप्रमाणे पीएच हवा ५.५ ते ८. तो जास्त भरला. शाळेतलं विज्ञान आठवा : लिंबाचा रस २ च्या आसपास, शुद्ध पाणी ७, साबणाचं पाणी ९-१०. पीएच वाढला की वस्तू साबणासारखी क्षारधर्मी होते आणि बाळाची कोवळी कातडी कोरडी पडून चुरचुरू शकते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी अन्न व औषध प्रशासनाने मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द केला आणि २० सप्टेंबरला उत्पादन-विक्री थांबवण्याचा हुकूम दिला.

कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने नवे नमुने घेऊन सरकारी आणि खाजगी प्रयोगशाळांत तपासायला लावले. ते मानकात बसले. ११ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ते हुकूम रद्द केले. नमुना २०१८ चा आणि कारवाई २०२२ ची, आणि एका चुकलेल्या नमुन्यावर अख्खा कारखाना बंद, हे न्यायालयाला पटलं नाही. म्हणजे निकाल पीएचच्या नमुन्यांवर आणि कारवाईच्या रीतीवर होता. टाल्कने कर्करोग होतो की नाही, हा प्रश्न तिथे सुटलेला नाही.

मग विज्ञान काय म्हणतं? २०२० मध्ये अमेरिकेतल्या अडीच लाख बायकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात अंडाशयाच्या कर्करोगाशी ठोस संबंध दिसला नाही. पण २०२४ मध्ये त्याच संशोधिकेच्या दुसऱ्या अभ्यासात, गुप्तांगाच्या जागी पावडर वापरणाऱ्यांत तो संबंध दिसला. जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कला “बहुधा कर्करोगकारक” या गटात टाकलं. “बहुधा” म्हणजे “नक्की” नव्हे; पण कानाडोळा करावा असंही नव्हे.

मैत्रिणींनो, घाबरून जाण्याचं कारण नाही. एकदा लावलेल्या पावडरीने आकाश कोसळत नाही. पण ज्या वस्तूवाचून बाळाचं काही अडत नाही, तिच्यासाठी शंकेचा धोका तरी कशाला पत्करायचा? काही साध्या गोष्टी पाळता येतील :

● डब्यावरचे घटक वाचा. ‘टाल्क’ लिहिलंय की मक्याचा स्टार्च, ते पाहूनच पैसे द्या. इतर कंपन्यांचे टाल्कचे डबे अजूनही दुकानात मिळतात.

● पावडर कुठलीही असो, बाळाच्या तोंडावर उधळू नका. भुकटी श्वासाबरोबर छातीत जाते आणि लहानग्यांना त्याचा त्रास होतो. डबा मुलांच्या हाती खेळायला तर मुळीच नको.

● लंगोटाच्या जागी आणि आपल्या स्वतःच्या नाजूक जागी पावडर नकोच. वयात आलेल्या मुलींनाही हे न लाजता सांगा.

● घामोळ्यांवर थंड पाण्याची आंघोळ, सैल सुती कपडे आणि हवेशीर खोली हा जुना उपाय चांगला. पुळ्यांत पू झाला, ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

● बाळंतविडा द्यायचा असेल तर पावडरच्या डब्याऐवजी दोन मऊ सुती दुपटी जास्त द्या. धुतली की पुन्हा कामाला येतात.

कंपनी आपल्या मालाची बाजू मांडणारच. तो तिचा धंदा आहे. कोर्ट कायदा पाहणार. घरातल्या लेकराच्या अंगाला काय लागतं, हे मात्र आपणच पाहायचं. गहू घेताना आपण मूठभर हातात घेऊन पारखतो ना? मग डब्यावरची चार ओळींची बारीक अक्षरंही, चष्मा लावावा लागला तरी, वाचूनच घेऊ या.