मळणीयंत्रात हात गेला, तर भरपाई कोणी द्यायची?



सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या कार्यक्रमाकडे पत्रे येतात ती बाजारभावाची, नाहीतर पुढच्या हरभऱ्याच्या बियाण्याची. गेल्या हंगामानंतर एक पत्र वेगळे आले. एका बाईंनी ते मुलाकडून लिहवून घेतले होते. वय चाळीस, काम रोजंदारीचे. मळणी करताना उजव्या हाताची अंगठा सोडून चारही बोटे गेली. शेतमालक म्हणतो, मशीनवाल्याला विचार. मशीनवाला म्हणतो, मी भाड्याने आलेला माणूस, तुला कामाला मी लावले नव्हते. दोघांनी मिळून वीस हजार दिले आणि स्टँपपेपरवर अंगठा घेतला. आता पुढे काय, असे त्यांनी विचारले होते. रेडिओवर पाच मिनिटांत उत्तर दिले, पण ते पुरले नाही. म्हणून ही पत्रिका.

पहिली गोष्ट अशी, की शेतावरच्या मजुराला भरपाई नाही, ती फक्त कारखान्याच्या कामगाराला, हा समज चुकीचा आहे. १९२३ सालापासून आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. त्याआधीचा अपघात असेल तर जुन्या कायद्याने चालते, पण हिशेबाची रीत तीच. कोणकोणती कामे यात धरायची याची यादी कायद्याला जोडलेली आहे. ट्रॅक्टरने किंवा विजेच्या यंत्राने केलेली शेती, यंत्राने कापणी-मळणी आणि कीटकनाशकाची फवारणी ही कामे त्या यादीत आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन किती माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. त्यांत दुसऱ्याच्या शेतावर पंप पाठीवर घेतलेले मजूरही होते.

आता मालक कोण? ज्याने मजुरी ठरवली आणि कामाला लावले, तो मालक. मग तो पाच एकरांचा धनी असो की पन्नास. बाईंना शेतमालकाने बोलावले, मजुरी त्याच्याकडून ठरली, तर जबाबदारी त्याची. मशीनवाल्याने आपली टोळी आणली असेल तर त्या टोळीचा मालक तो. मात्र अशा वेळीही मजूर मूळ शेतमालकाकडे बोट दाखवू शकतो आणि तंटा वाढतो. म्हणून मशीन दारात येण्याआधीच एका कागदावर लिहून घ्यावे की माणसे कोणाची, मजुरी कोण देणार आणि विमा कोणाचा. मळणीच्या घाईत असे कागद कोण करतो, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, मीही घरच्या मळणीला केला नव्हता.

“तिचाच पदर अडकला, चूक तिची” हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली, एवढे पुरे. दारू पिऊन काम केले, बजावून सांगितलेला नियम मुद्दाम मोडला किंवा यंत्राचे संरक्षक झाकण जाणूनबुजून काढले, तरच मालकाला बोलता येते. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पुरता निकामी झाला, तर तेही बोलता येत नाही. उलट, मशीन लवकर उरकावे म्हणून झाकण मालकानेच काढून ठेवलेले असते. मळणीयंत्राला पेंढी सरकवायची पत्र्याची पन्हळ निदान ९० सेंटिमीटर लांब हवी आणि त्यातला ड्रमकडचा निदान ४५ सेंटिमीटर भाग झाकलेला हवा. आपल्या गावातल्या जुन्या मशीनवर टेप लावून पाहा.

रकमेचा हिशेब समजून घ्या, कारण वीस हजार आणि खरी रक्कम यांत किती अंतर आहे ते त्यावरूनच कळते. मजूर कायमचा पूर्ण निकामी झाला तर महिन्याच्या मजुरीच्या ६० टक्के घेऊन त्याला वयाच्या आकड्याने गुणतात. हे आकडे कायद्यातच छापलेले आहेत. ३० वर्षांसाठी २०७.९८, ४० साठी १८४.१७, ५० साठी १५३.०९. अवयव अंशतः गेला तर त्याची टक्केवारीही ठरलेली आहे. अंगठ्याला ३०, चारही बोटांना ५०, पंजाला ६०. बाईंची मजुरी महिना ९,००० रुपये धरू. त्याचे ६० टक्के ५,४००. त्याला १८४.१७ ने गुणले की ९,९४,५१८. त्याचे ५० टक्के म्हणजे ४,९७,२५९ रुपये. मृत्यू झाला तर ६० ऐवजी मजुरीचे ५० टक्के धरतात. तात्पुरती इजा असेल तर मजुरीच्या निम्म्या हिशेबाने दर पंधरवड्याला रक्कम द्यावी लागते, जास्तीत जास्त पाच वर्षे. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. रोजंदारीच्या माणसाची महिन्याची मजुरी त्या भागातल्या तशाच कामावरून काढतात. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड.

स्टँपपेपरचे काय? नुकसानभरपाईचा हक्क सोडतो, असा करार कायदा मानत नाही. आपसात तडजोड झाली तरी ती सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते, नाहीतर मालक सुटत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर पैसे वारसांच्या हाती परस्पर न देता त्या अधिकाऱ्याकडेच भरायचे असतात. म्हणजे गावच्या बैठकीत मिटवून मालकही फसतो.

अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षांची. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदत मिळते. खरी अडचण पुराव्याची. घाबरून दवाखान्यात “घरी पडले” असे सांगतात आणि तेच केसपेपरवर येते. मग पुढे काही सिद्ध होत नाही. “मळणीयंत्रात हात गेला” असेच सांगावे, पोलिसांत खबर द्यावी, जागेचा पंचनामा व्हावा, सोबतच्या दोघांची नावे लिहून ठेवावीत. डॉक्टरांचा अपंगत्वाचा दाखला जपून ठेवावा.

शेतकऱ्याचा विचार केला तर पाच लाख त्याला कोठून झेपणार? झेपत नाहीतच. त्यासाठी विमा कंपन्यांची कामगार भरपाई पॉलिसी असते. निदान मशीनवाल्याने ती काढलेली आहे की नाही, हे विचारून मगच मशीन बोलवावे. मजुराला २० रुपये वार्षिक हप्त्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेतून घेऊन द्यावी, वय १८ ते ७० चालते. तीत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. आणि आपला स्वतःचा हात गेला तर? सातबारावरील खातेदाराला आणि त्याच्या घरातील एकाला २०२३ च्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूला दोन लाख, एक अवयव गेल्यास एक लाख मिळतात. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा. भूमिहीन मजूर मात्र यात बसत नाही.

पत्र लिहिणाऱ्या बाईंचा केसपेपर सुदैवाने खरा निघाला. मळणीयंत्र असा शब्द त्यावर होता. त्यांचा अर्ज गेला आहे. निकाल लागला की कार्यक्रमात सांगू.