दाराबाहेरची किल्ली: की-सेफविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्रिटनमधल्या बैठ्या घरांच्या गल्लीतून चालताना अधूनमधून एखाद्या दाराशेजारी, विटांच्या भिंतीत पक्की बसवलेली मुठीएवढी काळी पेटी दिसते. वर रबरी झाकण, त्याखाली आकड्यांची बटणं. बरोबर बटणं दाबून खटका ओढला की पुढचा भाग निघतो आणि आत घराची जादा किल्ली. हीच की-सेफ. पुष्कळदा अशा घरात एकटं म्हातारं माणूस राहत असतं. सकाळी आंघोळ घालायला, दुपारी गोळ्या द्यायला, रात्री अंथरुणात नीट झोपवायला केअरर येतात, आणि दर वेळी उठून दार उघडण्याची ताकद त्या माणसात नसते. गळ्यातल्या पेंडंटचं बटण दाबून मदत मागितली, तरी मदतीला येणाऱ्याला आत शिरायला किल्ली लागतेच. ती नसेल तर दार फोडावं लागतं.

तिथे राहणारी मराठी मुलं हे पाहतात आणि पुण्यात एकट्या राहणाऱ्या आईच्या दाराबाहेर अशी पेटी लावावी का, याचा विचार करू लागतात. इकडे पेट्या ऑनलाइन सहज मिळतात. गोव्यात भाड्याने द्यायच्या फ्लॅटच्या दाराशीही त्या दिसतात. पण घरात नुसता विषय काढला की उत्तर ठरलेलं: ‘किल्ली दाराबाहेर ठेवायची? म्हणजे चोराला आमंत्रणच की!’ ही भीती अगदीच निराधार नाही, फक्त ती भलत्या जागी बसली आहे.

‘पेटी काय, स्क्रू ड्रायव्हरने उचकटता येते’

काही पेट्या येतात. स्वस्तातली, पातळ धातूची पेटी जाड स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावला की हार मानते. पण सगळ्या पेट्यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे. ब्रिटनमध्ये लॉस प्रिव्हेन्शन सर्टिफिकेशन बोर्डाचं एलपीएस 1175 नावाचं मानक आहे. त्यात परीक्षक स्वतः अवजारं घेऊन वस्तूवर तुटून पडतात आणि घड्याळ लावून पाहतात. घरगुती की-सेफ सहसा त्यातल्या पहिल्या पायरीची असते. ती पायरी म्हणजे सहज लपवता येतील अशा साध्या हत्यारांपुढे 1 मिनिट टिकाव.

‘फक्त एक मिनिट?’ असं वाटणं साहजिक आहे. पण हे मिनिट प्रत्यक्ष हत्यार चालवण्याचं असतं आणि पेटीची आतली रचना माहीत असलेल्या सराईत माणसाचं असतं. रस्त्यावर, आवाज होत असताना, आजूबाजूला खिडक्या असताना ते बरंच मोठं होतं. 1989 साली सुरू झालेल्या ‘सिक्युअर्ड बाय डिझाइन’ या पोलिसांच्या उपक्रमाची मान्यताही अशा चाचण्यांवरच मिळते. पेटीवर ‘हेवी ड्यूटी’ छापलेलं असलं तरी त्या दोन शब्दांमागे कुठलीही चाचणी असेलच असं नाही.

आणि चोर पेटीच्याच मागे का लागेल, हाही प्रश्न आहेच. ब्रिटनमधल्या पीव्हीसीच्या दारांना जे लांबट सिलिंडरचं कुलूप असतं, त्याची साधी जात मधोमध मोडते आणि मोडल्यावर दार काही सेकंदांत उघडतं. हा प्रकार इतका वाढला की न मोडणाऱ्या सिलिंडरसाठी टीएस 007 हे तारांकित मानक आणावं लागलं. ज्या दाराला असं जुनं सिलिंडर आहे, तिथे शेजारच्या पेटीची काळजी करत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

पेटी भिंतीला कशी धरली आहे, याकडे मात्र फार कमी लोक बघतात. चाचणीत उत्तीर्ण झालेली पेटी दोन विटांमधल्या चुन्या-सिमेंटच्या सांध्यात बसवली, तर ती पहारीच्या एका हिसक्यात अख्खी निघते. मग चोर ती घरी नेऊन निवांत उघडतो. म्हणून स्क्रू विटेच्या पोटात गेले पाहिजेत. मुंबई-पुण्यातल्या नव्या इमारतींच्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात. ते हलके आणि मऊ. त्यात साधी गिट्टी आणि स्क्रू घातले तर पडद्याचा दांडासुद्धा कालांतराने डुगडुगतो. तिथे पेटी लावायची झाली तर आरसीसी कॉलम शोधावा आणि अँकर फास्टनर वापरावेत. शिवाय लॉबीची भिंत सोसायटीची असते, तेव्हा आधी सेक्रेटरींना विचारलेलं बरं.

‘चार आकडे, म्हणजे दहा हजार शक्यता’

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच, कारण तो हिशोबासारखा दिसतो.

आकड्यांची चाकं फिरवायची पेटी असेल तर तो बरोबर आहे. चार चाकं, प्रत्येकावर 0 ते 9, एकूण 10,000 जुळण्या. एका जुळणीला तीन सेकंद धरले तर सगळ्या करून बघायला आठ तास वीस मिनिटं लागतात. एवढा वेळ कोणी दाराशी उभं राहणार नाही. पण चाकांच्या स्वस्त पेट्यांचं दुखणं वेगळंच असतं. त्यांची घडण इतकी ढिली असते की सरावलेल्या हाताला बरोबर आकडा कुठे आहे ते स्पर्शानेच कळतं. कुलपं उघडून दाखवणाऱ्या छांदिष्टांचे असे कितीतरी व्हिडिओ युट्यूबवर आहेत.

यांत्रिक बटणांच्या पेटीचं गणित मात्र पूर्णपणे निराळं. तिथे बटण एक तर दाबलेलं असतं किंवा नसतं. कुठलं आधी दाबलं आणि कुठलं नंतर, याची पेटीला काही पडलेली नसते. 1947 दाबा नाहीतर 7491, दोन्हींनी ती उघडते. एकच आकडा दोनदा घेताही येत नाही. त्यामुळे दहा बटणांतून चार निवडायच्या जुळण्या निघतात फक्त 210. दहा हजार कुठे आणि दोनशे दहा कुठे! एकेका प्रयत्नाला दहा सेकंद धरले तर पस्तीस मिनिटांत सगळ्या संपतात. पाच बटणं घेतली तर 252. कोडमध्ये किती बटणं आहेत हेही चोराला माहीत नसेल, तर सगळ्या मिळून 1,023. चांगल्या पेट्यांना बारा बटणं असतात. त्यात चार बटणांच्या 495 जुळण्या, सहा बटणांच्या 924 आणि सगळ्या मिळून 4,095. म्हणजे अशी पेटी घेतलीत, तर चार बटणांवर थांबू नका आणि किती बटणं घेतली ते कुणाला सांगू नका.

आता जरा जवळून बघू. दोन वर्षं तोच कोड वापरलेल्या पेटीचं रबरी झाकण वर करा. बारांपैकी चार बटणांवरचे आकडे पुसट झालेले, कडा घासून चकचकीत झालेल्या, उरलेल्या आठ बटणांवर धूळ. क्रमाला महत्त्व असतं तर चोराला या चार आकड्यांच्या चोवीस मांडण्या कराव्या लागल्या असत्या. इथे क्रमच नाही, त्यामुळे एकच जुळणी उरते आणि तीही पेटीनेच लिहून दिलेली. यावरचा उपाय साधा आहे. दर काही महिन्यांनी कोड बदला, नवा कोड निवडताना न वापरलेली बटणं घ्या आणि अधूनमधून सगळीच बटणं फडक्याने पुसा. कोड बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. पुढचा भाग काढला की मागच्या बाजूला त्याची सोय असते.

जन्मसाल आणि घर नंबर यांबद्दल वेगळं सांगायला नको. घर नंबर तर दारावरच लिहिलेला असतो.

‘कोड फक्त आपल्यालाच माहीत आहे’

खरंच? सकाळची केअरर, तिच्या सुट्टीच्या दिवशी येणारी दुसरी, एजन्सीचं ऑफिस, पेंडंटचं कॉल सेंटर, शेजारीण, गेल्या वर्षी आलेला प्लंबर, मुलगा, सून. पेटीचा कोड म्हणजे एवढ्या सगळ्यांना दिलेली किल्ली, आणि ती परत मागता येत नाही. केअरर बदलली की कोड बदलायचा, हा नियम लोकांना पटतो. तो पाळणारे मात्र मोजकेच, कारण बदललेला कोड पुन्हा सगळ्यांना कळवायचा म्हणजे डोक्याला ताप. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता आणि कोड एकाच मेसेजमध्ये जातो, पुढे फॉरवर्ड होतो आणि कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये पडून राहतो. कोड आणि पत्ता एकत्र लिहायचा नाही, एवढं पथ्य पाळलं तरी बरंच साधतं. पेटीत किल्लीही फक्त दाराचीच ठेवावी. कपाटाच्या आणि गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा नको, आणि फ्लॅट नंबर लिहिलेली चकती तर अजिबात नको.

‘पेटी दिसली की आत एकटं म्हातारं माणूस आहे हे जगाला कळतं,’ हा आक्षेप मात्र मला रास्त वाटतो. म्हणून पेटी रस्त्यावरून दिसणार नाही अशा बाजूला लावतात. पण ती इतकीही आडोशाला नको की तिथे उभं राहून कुणी पस्तीस मिनिटं बटणं दाबली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. शेजारच्या खिडकीतून दिसेल आणि फाटकातून दिसणार नाही, अशी जागा उत्तम.

‘चोरी झालीच तर विमा आहे’

इथे सावध राहा. कोडने पेटी उघडून, किल्ली लावून चोर आत गेला, तर दारावर ओरखडाही उठत नाही. घरफोडीच्या पुष्कळ पॉलिसींमध्ये बळजबरीने प्रवेश झाल्याची खूण असावी अशी अट असते. ब्रिटनमध्ये असते, आपल्याकडेही असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात हेच सांगितलं. पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळजबरीशी जोडलेली असेल, तर नुसत्या चोरीची भरपाई त्या पॉलिसीखाली मिळत नाही. त्यामुळे पेटी लावण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. एजंटने फोनवर ‘काही प्रॉब्लेम नाही साहेब’ म्हटलं, ते क्लेमच्या वेळी उपयोगाला येत नाही. पेटीच्या खोक्यावरचा पोलीस-मान्यतेचा शिक्का वेगळा आणि पॉलिसीतली अट वेगळी.

‘इटलीत बंदी घातली, म्हणजे काहीतरी असणारच’

काहीतरी होतं, पण ते पेटी कच्ची असण्याबद्दल नव्हतं. रोम आणि फ्लोरेन्समध्ये पर्यटकांना दिलेल्या फ्लॅटच्या किल्ल्यांसाठी जुन्या इमारतींच्या दारांवर, जाळ्यांवर, अगदी सार्वजनिक खांबांवरही पेट्या लटकू लागल्या. घरभाडी वाढल्याने वैतागलेल्या रोमच्या कार्यकर्त्यांनी 2024 मध्ये त्यांतल्या काहींवर रॉबिन हुडच्या टोप्या अडकवून निषेध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इटलीच्या गृहखात्याने आदेश काढला की यजमानाने पाहुण्याची ओळख समोरासमोर पटवावी. पुढे त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. पाहुणा कोण आहे, हा त्यामागचा मुद्दा होता. आपल्याकडे होमस्टेवाल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आलेल्या माणसाची ओळख पटवायची जबाबदारी पेटी लावली म्हणून टळत नाही, आणि पाहुणा बदलला की कोड बदललाच पाहिजे. नाहीतर गेल्या डिसेंबरचा पाहुणा या डिसेंबरलाही आत येऊ शकतो. समुद्राजवळ आणखी एक कटकट असते. खारी हवा आणि पावसाळा मिळून बटणं आणि खटका जाम करतात. रबरी झाकण निघून आलं असेल तर लगेच नवं बसवावं. बॅटरीवर चालणाऱ्या ब्लूटूथ पेट्यांमध्ये दर पाहुण्याला वेगळा कोड देता येतो, ही त्यांची खरी सोय. पण बॅटरी संपल्यावर काय करायचं, ते विकत घेतानाच विचारून ठेवा.

‘पेटी लावली, आता आईची काळजी मिटली’

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बहुधा हा गैरसमज सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत वाईट वेळी कळतो. बाहेरच्या किल्लीने लॅच उघडतं. कडी उघडत नाही. आपल्याकडे एकटी बाई रात्री नुसत्या लॅचवर झोपत नाही. ती वरची कडी लावते, खालचा बोल्ट सरकवते आणि सेफ्टी चेनही अडकवते. वर्षानुवर्षांची ती सवय आहे, आणि भीतीही. पहाटे बाथरूममध्ये पाय घसरला, तर बाहेर उत्तम पेटी असेल, कोड बरोबर असेल, किल्लीही फिरेल, आणि दार तरीही बंदच राहील. ब्रिटनमध्येही याचाच भाऊ भेटतो. आतून सिलिंडरमध्ये किल्ली लावून ठेवली, तर कित्येक कुलपांमध्ये बाहेरून दुसरी किल्ली बसत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चालणारं सिलिंडर घ्यावं लागतं.

त्यामुळे पेटी मागवण्याआधी आईशी बोला. कडी लावू नकोस, असं फोनवर सांगून ती ऐकणार नाही, आणि का ऐकावं? तिला कडीइतकाच आधार वाटेल असं काहीतरी बदल्यात द्यावं लागेल. लॅचच्या जागी आतून नॉबने आणि बाहेरून किल्लीने उघडणारं, दोन-तीन दांड्यांचं चांगलं कुलूप बसवा. बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर त्याचीही किल्ली पेटीत हवी. मग एके दिवशी दुपारी आईला आत बसवा, शेजारच्या काकूंना किंवा ब्युरोतून येणाऱ्या मावशींना बाहेर उभं करा आणि चष्म्याशिवाय, जिन्यातल्या मंद दिव्यात कोड लावून दार उघडायला सांगा. जमलं नाही, तर ती पेटी परत करण्याची मुदत अजून संपलेली नसते.