काच कापतो म्हणून हिरा?

आज विषय दगडाचा आहे, पण सांगणारा तत्त्वज्ञानाचा माणूस, तेव्हा वाट थोडी आडवळणाची होईल. आपल्या कोळीवाड्यातल्या एका तरुणाला खंडाळ्याखालच्या ओढ्यात मोठ्या आवळ्याएवढा पारदर्शक खडा सापडला. त्याने तो बाटलीवर घासला, ओरखडा उठला. लगेच एक ‘पारखी’ गृहस्थ भेटले: काच कापतो म्हणजे हिराच, विकून देतो, आधी खर्चाला पाच हजार द्या! पैसे अजून दिलेले नाहीत, म्हणून हे घाईने सांगतोय.

आपल्या न्यायशास्त्रात गायीचं उदाहरण आहे. ‘जिला शिंगं ती गाय’ म्हटलं तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. ‘जी तांबूस ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. गळ्याखाली लोंबणारी पोळी मात्र गायीची खरी खूण. (आपल्या गावाचं नावच शीव, म्हणजे हद्द. लक्षणाचं कामही तेच, हद्द आखायची.)

आता काच कापण्याकडे या. फ्रीडरिश मोस यांच्या कठीणपणाच्या मापावर खिडकीची काच साधारण साडेपाच, हिरा दहा. पण आपली गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, सात आहे. तीही काच आरामात कापते. झाली ना अतिव्याप्ती? आणि रंगाचं तर बोलूच नका. जांभळा असो, पिवळसर असो की पाण्यासारखा, क्वार्ट्झ तो क्वार्ट्झच.

मग ओळखायचं कसं? एकेक शक्यता खोडत जायचं. हा खडा काच कापतो, म्हणजे कॅल्साइट नाही, कारण तो तीनच कठीण. तरी खात्रीसाठी लिंबाच्या रसाचा थेंब टाका. कॅल्साइट असेल तर बारीक बुडबुडे येतात. अपोफिलाइटही आपल्याकडे पुष्कळ सापडतो, पण तो काचेपेक्षा मऊ, त्याचा स्फटिक चौकोनी आणि एकाच दिशेला सपाट पापुद्रा निघतो. १८६३ साली पूर्ण झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गाच्या खोदकामात असे सुंदर स्फटिक निघाले आणि परदेशी संग्रहालयांत गेले. आपल्याला बघायचे तर सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय आहे.

या खड्याच्या कडा झिजल्यात, पण सहा बाजू अजून कळतात, आणि फुटलेल्या जागी शिंपल्यासारखा वळणदार खळगा आहे. आता शेवटची परीक्षा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. आधी खडा तोला: ५३ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, आणि खडा दोऱ्याने पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका. आकडा आला २०. ५३ भागिले २० म्हणजे २.६५. हे क्वार्ट्झचं माप! हिऱ्याचं साडेतीन, तो असता तर काट्यावर १५ दिसले असते. शिवाय ५३ ग्रॅमचा हिरा म्हणजे २६५ कॅरट. एवढं घबाड पाच हजारांच्या आगाऊ रकमेवर कोण विकून देतो?

आणि तो तिथे यायचाच कसा? सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, गरम पाण्याने त्यांत क्वार्ट्झ, झिओलाइट, कॅल्साइट साचवले. हिरा जमिनीच्या फार खोलीतून, वेगळ्याच खडकाबरोबर वर येतो. ओढ्याच्या लोंढ्यात मऊ स्फटिक लवकर फुटतात, टिकते ती बहुधा गारगोटी.

कोणाला असा खडा मिळाला तर जागा चिठ्ठीवर लिहून ठेवा. कडा धारदार असतील तर मूळ पोकळी जवळपासच्या कातळात असणार. आणि काचेवर घासायचा असेल तर एखाद्या फुटक्या कोपऱ्याने घासा, चांगला पैलू खराब करू नका.