कुराण : संहितेचा इतिहास व मराठी अनुवाद

इस्लाम धर्माचा मूलभूत पवित्र ग्रंथ. ‘कुराण’ या अरबी शब्दाचा अर्थ ‘पठण’ असा आहे. मुसलमानांच्या श्रद्धेनुसार सु. ६१० ते ६३२ या काळात मुहंमद पैगंबरांना मक्का व मदीना येथे झालेला ईश्वरी साक्षात्कार या ग्रंथात शब्दशः आला आहे. त्यात ११४ अध्याय (सूरा) असून कूफा येथील परंपरेनुसार ६,२३६ वचने (आयती) आहेत. पठणाच्या सोयीसाठी ग्रंथाचे ३० भाग पाडले असून भारतात त्यांना सिपारे म्हणतात.

पैगंबरांच्या हयातीत ही वचने प्रामुख्याने मुखोद्गत केली जात. काही चर्मपत्रांवर, खजुरीच्या झावळ्यांवर व हाडांवरही लिहून ठेवली जात. परंपरेनुसार ६३३ च्या यमामाच्या लढाईत अनेक पाठक मारले गेले, तेव्हा पहिले खलीफा अबू बकर यांनी झैद इब्‍न साबित याच्याकडून सर्व वचने एकत्र करविली. पुढे निरनिराळ्या प्रांतांत पाठभेदांवरून वाद होऊ लागल्याने तिसरे खलीफा उस्मान (कार. ६४४–५६) यांनी प्रमाणसंहिता सिद्ध करून तिच्या प्रती प्रमुख नगरांना पाठविल्या. प्रारंभीच्या लिपीत स्वरचिन्हे नव्हती व अक्षरभेदक बिंदूही क्वचितच असत. ही चिन्हे क्रमाने रूढ झाली. इब्‍न मुजाहिद (मृ. ९३६) याने सात पठणपद्धती अधिकृत मानल्या. त्यांपैकी एका परंपरेवर आधारलेली कैरोची १९२४ ची मुद्रित आवृत्ती आज सर्वाधिक प्रचलित पाठाचा आधार होय.

येमेनमधील साना येथे १९७२ मध्ये सापडलेल्या हस्तलिखितांपैकी एकात पुसलेल्या मजकुराखाली काही पाठभेद आढळले. बर्मिंगहॅम येथील दोन पानांचे चर्मपत्र किरणोत्सर्गी कार्बन कालमापनानुसार ५६८ ते ६४५ या दरम्यानचे ठरते. हे मापन चर्मपत्राचे आहे, लेखनाचे नव्हे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

अरबी शब्द हाच साक्षात्कार मानल्यामुळे अनुवादाला मूळ ग्रंथाचे स्थान दिले जात नाही. त्यास अर्थविवरण समजतात. तथापि अर्थबोधाची निकड सर्वत्र भासली. लॅटिन भाषांतर ११४३ मध्ये पूर्ण झाले. भारतात शाह वलीउल्लाह यांनी फार्सीत (सु. १७३८) व त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी उर्दूत (सु. १७९०) भाषांतर केले.

महाराष्ट्रात हा प्रश्न कोल्हापूर संस्थानात ठळकपणे पुढे आला. तेथील मुसलमान समाज दक्खिनी व मराठी बोलणारा; नमाजातील अरबी वचने पाठ असली, तरी सामान्य भाविकास त्यांचा अर्थ कळत नसे. राजर्षी शाहू छत्रपतींनी (कार. १८९४–१९२२) १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह स्थापन करून त्याचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. कुराणाच्या मराठी भाषांतराच्या कामासही त्यांनी साहाय्य दिले. एका हिंदू राजाने प्रजेचा धर्मग्रंथ तिच्या मातृभाषेत आणू पाहावे, ही घटना त्यांच्या शैक्षणिक धोरणाशी सुसंगत होती; कारण धर्मज्ञान मोजक्या जाणकारांच्या हाती न राहता सर्वांपर्यंत पोहोचावे, हा आग्रह त्यांनी हिंदू समाजातही धरला होता.

विनोबा भावे यांनी अरबी शिकून केलेले विषयवार वचनसंकलन कुराण-सार या नावाने १९६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले. मीर मुहंमद याकूब खान यांनी मराठी भाषांतर केले असून इतरही भाषांतरे उपलब्ध आहेत. मराठी अनुवादकापुढे दोन अडचणी असतात. ‘अल्लाह’ साठी ‘ईश्वर’ किंवा ‘तकवा’ साठी ‘धर्मभीरुता’ हे शब्द योजले, तर त्यांना चिकटलेल्या अन्य अर्थच्छटाही सोबत येतात. मूळ शब्द ठेवले, तर वाचक पुन्हा अर्थापासून दूर राहतो. तसेच ‘से’, ‘सीन’ व ‘स्वाद’ ही तीन भिन्न अरबी अक्षरे देवनागरीत एकाच ‘स’ ने दाखविली जातात. त्यामुळे पठणासाठी अरबी संहिता व आकलनासाठी मराठी अनुवाद अशी विभागणी रूढ झाली असून, अनेक आवृत्त्यांत दोन्ही शेजारी छापलेली असतात.