२७४ पोस्ट, १९ वर्षांची कैद

चीनच्या वायव्येकडील शिनजियांग प्रांतात एक कोटीहून अधिक उइघुर मुसलमान राहतात. प्रांताची राजधानी उरुम्ची. या शहरात झांग हायताओ इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा व्यापार करत. मूळचे हेनान प्रांतातले. ते मुसलमान नाहीत. चीनमधील बहुसंख्य हान समाजाचे आहेत. तरीही शेजारच्या उइघुरांना सरकार कसे वागवते, हे पाहून ते गप्प बसले नाहीत. सोशल मीडियावर लिहीत राहिले, परदेशी माध्यमांना मुलाखती दिल्या.

जून २०१५ मध्ये त्यांना अटक झाली. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने १९ वर्षांची शिक्षा ठोठावली. आरोप दोन : सत्ता उलथवण्यास चिथावणी आणि परदेशाला माहिती पुरवणे. पुरावा काय, तर वीचॅटवरील ६९ आणि ट्विटरवरील २०५ पोस्ट! अटकेच्या वेळी पत्नी गरोदर होती. मुलगा जन्मला तेव्हा बाप कोठडीत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपीलही फेटाळले गेले. पूर्ण शिक्षा भोगावी लागली, तर सुटका होईल २०३४ साली.

ज्या धोरणांवर बोलणे तिथे गुन्हा ठरते, ती कोणती? सरकारी नोकर आणि विद्यार्थ्यांना रमजानचे रोजे ठेवण्यास मनाई, अठरा वर्षांखालील मुलांना मशिदीत बंदी. एप्रिल २०१७ पासून तर चेहरा झाकणारा नकाब आणि 'असामान्य' दाढी यांवरही कायद्याने बंदी आली. वास्तविक चीनच्या राज्यघटनेच्या कलम ३६ मध्ये धर्मस्वातंत्र्याची हमी आहे. बीजिंगमधील उइघुर प्राध्यापक इल्हाम तोहती हेच सांगत होते : वेगळा देश नको, आपल्याच घटनेतले हक्क द्या. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांना फुटीरतावादी ठरवून जन्मठेप देण्यात आली.

अशा वेळी मुस्लिम देशांनी काय केले? जुलै २०१९ मध्ये २२ देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेला पत्र लिहून चीनवर टीका केली. त्यात एकही मुस्लिमबहुल देश नव्हता. उलट चीनची पाठराखण करणारे ३७ देशांचे पत्र निघाले, त्यावर सौदी अरेबिया आणि पाकिस्तानची सही होती. व्यापार आणि कर्जापुढे उम्मतचा विसर पडला.

सूरह निसाची १३५वी आयत ईमानवाल्यांना न्यायावर ठाम राहायला सांगते, मग साक्ष स्वतःविरुद्ध किंवा आईवडिलांविरुद्ध का द्यावी लागेना. झांग यांनी आपल्याच समाजाच्या सत्तेविरुद्ध, परक्या धर्माच्या शेजाऱ्यांसाठी साक्ष दिली. त्यांच्यासाठी दुआ तर करूच. पण उद्या अन्याय आपल्या माणसांकडून होईल आणि सोसणारा दुसऱ्या धर्माचा असेल, तेव्हा आपली बोटे मोबाइलवर चालतील का? हा प्रश्न प्रत्येकाने घरात, मुलांसमोर स्वतःला विचारावा.