घाटमाथ्यावरचे लाउंज

विमान तासाभराचे आणि त्यासाठी घर सोडावयाचे पाच-सहा तास आधी, हा हिशेब जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या माणसाच्या आता अंगवळणी पडला आहे. जुन्नर शहरापासून पुण्याच्या लोहगावचे विमानतळ 90 किलोमीटरांच्या आसपास. परंतु नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर अशी एकामागून एक ठाणी ओलांडीत चाकणच्या कोंडीत शिरलेली मोटार तेथून केव्हा सुटेल याची हमी कोणी ज्योतिषीही घेणार नाही, आणि म्हणून सकाळी अकराच्या गोव्याच्या विमानासाठी इकडचा शहाणा माणूस पहाटे पाचलाच देवाला हात जोडून निघतो. कोंडी लागली तर विमान हातचे जात नाही. न लागली तर आठाच्या सुमारास स्वारी विमानतळाच्या दारात उभी, आणि पुढचे तीन तास करायचे काय हा प्रश्न आ वासून समोर. त्या प्रश्नाला सांप्रतच्या व्यवस्थेने शोधलेले उत्तर म्हणजे लाउंज. या लाउंजवर दिवाळी अंकासाठी काही लिहावे असे ठरले तेव्हा माझे मन लोहगावला न थांबता थेट घाटघरला गेले, यात नवल नाही. कारण प्रवासाच्या उंबरठ्यावर खोळंबलेल्या माणसाची सोय हा विषय आमच्या मुलुखाला दोन हजार वर्षांचा जुना आहे.

तरी रीत म्हणून आधी लाउंजची हकीकत उरकून घेतो. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने 1939 साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ उघडला, तो या संस्थेचा मूळपुरुष मानला जातो. तेथे आरंभी केवळ निमंत्रितांनाच प्रवेश असे. योगायोग असा की त्याच वर्षी, युद्धाच्या छायेत, मुंबईच्या संरक्षणासाठी लोहगावची धावपट्टी तयार झाली. ती आजही हवाई दलाची असून नागरी विमाने तिचा वापर करतात, आणि प्रवाशांसाठी बांधलेले नवे टर्मिनल जुलै 2024 मध्ये चालू झाले. आपल्याकडे लाउंजचे दार निमंत्रणाने नव्हे, बँकेच्या कार्डाने उघडते. कार्ड यंत्रात सरकवले की पुष्कळदा नाममात्र दोन रुपये कापले जातात आणि मनुष्य गुबगुबीत खुर्चीत जाऊन बसतो. अलीकडे बऱ्याच बँकांनी मागील तिमाहीत अमुक इतका खर्च कार्डावर केला असेल तरच, अशी अट घातल्यामुळे दारावर हुज्जत वाढली आहे. आत राहण्याची मुदत बहुधा दोन-तीन तासांची. देशांतर्गत विमानाचे दार उड्डाणाच्या साधारण पंचवीस मिनिटे आधी मिटते, हे आत बसलेल्याने विसरू नये. कारण लाउंजमध्ये पुष्कळदा पुकारा होत नाही, आणि इडलीचा दुसरा घास विमानाला महाग पडल्याची उदाहरणे आहेत. इतके सांगितले की कर्तव्य संपले.

अशाच एका लाउंजमध्ये घोडेगावकडचे एक वृद्ध गृहस्थ माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेले होते. पांढरी टोपी, करकरीत धोतर, मांडीवर कापडी पिशवी. नातू त्यांना आत बसवून, पुढ्यात पोह्यांची बशी ठेवून, चहाच्या यंत्रापुढच्या रांगेत जाऊन उभा होता. बशीला त्यांनी हात लावला नव्हता.

“दादा, हे हितंच खायाचं का संगं न्यायाचं?” त्यांनी हळूच विचारले.

“इथंच खायचं, काका. लागेल तेवढं घ्या.”

“आन् पैशे?”

“कार्डावर आहे सगळं.”

“नातू बी तेच म्हनतो. फुकाट हाय म्हनतो.” त्यांनी एकवार त्या थाळ्यांच्या लांब ओळीवरून, फळांच्या फोडींवरून, पाण्याच्या बाटल्यांवरून नजर फिरवली. “फुकाट कोन देतं हो? ह्याच्यात त्येंचा फायदा काय?”

हा शेवटचा प्रश्न अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला शोभेल असा होता, आणि त्याचे उत्तर मला तेथे, त्या पोह्यांच्या बशीपुढे, धड देता आले नाही. ते आमच्याच डोंगरात कोरून ठेवलेले आहे.

जुन्नरहून पश्चिमेस, चावंड किल्ल्याला वळसा घालून घाटघरपर्यंत गेले, की जीवधन किल्ल्याच्या शेजारी सह्याद्रीची भिंत एकाएकी तुटते आणि त्या खिंडीतून एक दगडी फरसबंद वाट खाली कोकणात, मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाकडे उतरते. तोच नाणेघाट. सोपारा आणि कल्याण या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने वर जुन्नरला व पुढे पैठणला जात असे. आता ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की घाटाची ही मजल मुळीच लांब नाही; धट्टाकट्टा मनुष्य दोन-तीन तासांत ती उतरतो. पैठणपासून येथवरची वाट कित्येक दिवसांची, परंतु प्रवाशाला बसण्यासाठी सातवाहन राजघराण्याने लेणे खोदविले ते त्या लांबलचक सपाटीवर कोठे नव्हे, तर नेमके या अल्पशा उताराच्या तोंडाशी! मला यात मोठे शहाणपण दिसते. विसाव्याची निकड प्रवासाच्या लांबीवर ठरत नसते. जेथे प्रवास आपल्या हातचा सुटून दुसऱ्याच्या हाती जातो, जेथे जकातीचा कारकून, हमालांची टोळी, धुके, पाऊस किंवा विमानाचा वैमानिक यांच्या मर्जीवर आपण अवलंबून असतो, तेथे ती उपजते. तासाभराच्या विमानासाठी लाउंज कशाला, असे हिणवणाऱ्यांनी म्हणून एकदा नाणेघाटात जाऊन बसावे.

मी तेथे अनेकदा बसलो आहे. लेण्याला भिक्षूंच्या निवासासाठी लागणाऱ्या खोल्या नाहीत, आत पूजास्थान नाही. एकच ऐसपैस दालन, आणि म्हणूनच अभ्यासक त्याला प्रवाशांच्या विश्रांतीची जागा मानतात. पावसाळ्यात खिंडीतून वर येणारा वारा इतका बेफाम असतो की कड्यावरून पडणारे पाणी खाली न पडता उलटे आपल्याच तोंडावर येते. तशा वाऱ्यातून निथळत आत शिरावे आणि दगडाला पाठ टेकावी, म्हणजे हे दालन खोदविणाऱ्यांनी जागा किती विचाराने निवडली ते पाठीलाच समजते. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकीत, असे परंपरा सांगते. अलीकडे त्यात वेफरच्या पिशव्या टाकतात, असे माझे डोळे सांगतात.

परंतु माझे खरे वेड भिंतींवर आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर, ब्राह्मी अक्षरांत एक प्रदीर्घ लेख कोरलेला आहे. तो सातवाहन राजघराण्यातील राणी नागनिका हिचा. कर्नल विल्यम साइक्स याने 1828 च्या सुमारास तो पाश्चात्त्य विद्वानांच्या नजरेस आणला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी त्याचे वाचन केले, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सातवाहनांच्या कोरीव लेखांवरील आपल्या ग्रंथाने तो मराठी वाचकाच्या घरात आणून सोडला. लेखात काय आहे? यज्ञांची यादी आहे. अश्वमेध आहे, राजसूय आहे. आणि प्रत्येक यज्ञात किती दक्षिणा दिली त्याचा चोख जमाखर्च आहे : 11,000 गाई, 1,000 घोडे, 24,400 कार्षापण. हे आकडे अक्षरांत न लिहिता अंकचिन्हांनी लिहिले आहेत, आणि म्हणून भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या भिंतीचे स्थान फार वरचे आहे. आपण आज ज्या अंकांनी विमानाची वेळ वाचतो, त्यांच्या पूर्वजांपैकी काही येथे, घाटघरच्या दमट अंधारात, पाहावयास मिळतात.

मागच्या भिंतीवर राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. नावे वर कोरलेली शिल्लक आहेत, मूर्ती गेल्या. क्वचित एखाद्या पावलाची खूण तेवढी उरली आहे. जणू सगळे कुटुंब फोटो काढून झाल्यावर उठून गेले आणि नावाच्या पाट्या तेवढ्या मागे राहिल्या.

आता असे पाहा. यज्ञांची ही टिपणी राजधानीत कोरता आली असती, देवळात कोरता आली असती. ती कोरली प्रवाशांच्या बैठकीत. का? घाटमाथ्यावर खोळंबलेल्या व्यापाऱ्याला पाऊस थांबेपर्यंत, जकातीचा निकाल लागेपर्यंत, दुसरा उद्योग नाही; तो बसणार आणि भिंतीकडे पाहणार. स्वतःला वाचता न आले तरी बरोबरचा कोणी लिहिणारा वाचून दाखवणार, आणि गाई-घोड्यांचे ते आकडे ऐकून तो खाली सोपाऱ्याला जाऊन सांगणार की वरच्या मुलुखाचा धनी भलताच जबरदस्त आहे. यापेक्षा खात्रीची जाहिरात कोणती? लाउंजमध्ये आपल्या खुर्चीसमोरच्या पडद्यावर बँकेचे नवे कार्ड, म्युच्युअल फंड आणि हिंजवडीतली घरे एकामागून एक सरकत असतात, ती याच न्यायाने. दोन्हीकडे यजमानाने आपल्याला बसवले आहे ते आपले उठणे आपल्या हाती नाही हे ओळखून. फरक एवढाच की नागनिकेची अक्षरे अजून वाचता येतात.

सगळेच यजमान राजघराण्यातले मात्र नव्हते, आणि मला त्यांच्यापेक्षा हे दुसरे लोक अधिक जवळचे वाटतात. घाटात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. त्यांतल्या एकावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव आहे. दुसऱ्या एका लेखात कामवनच्या दामघोष नावाच्या गृहपतीचे दान नोंदलेले आहे. सोपाऱ्याचा हा माणूस बहुधा स्वतः हा घाट चढून घशाला कोरड पडलेला व्यापारी असावा, असे मी आपला समजतो. पुराव्याने सिद्ध करा म्हणाल तर हात टेकीन. जुन्नरच्या भोवती तर अडीचशेहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांतले दानलेख वाचीत हिंडणे हा माझा हिवाळ्यातला छंद. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. आणि चिट नावाच्या दुसऱ्या एका यवनाने काय द्यावे? भोजनमंडप! दूरदेशीच्या रक्ताचा हा मनुष्य जुन्नरला येतो, येथल्या बाजारात पैसा मिळवितो, आणि बौद्ध भिक्षूंच्या संघाला जेवायला बसण्याची जागा बांधून देतो. पोह्यांच्या बशीकडे संशयाने पाहणाऱ्या त्या आंबेगावच्या काकांना मी चिटाचे नाव सांगायला हवे होते. त्याचा फायदा पुण्याचा होता. तिमाही खर्चाची अट त्याने भिक्षूंना घातली नव्हती.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा घेतो, कारण खुद्द नारायणगावात लाउंजचा आणखी एक अस्सल देशी प्रकार आहे. यात्रांचा हंगाम जवळ आला की तमाशाचे फड तेथे आपापल्या राहुट्या ठोकतात. बाहेर फडमालकाच्या नावाची पाटी, आत गादी, तक्के, आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला आलेले. तमासगीर विठाबाईंच्या या गावात मी अशा राहुटीत तासन्‌तास बसलो आहे, सुपारी देण्याची ऐपत व अधिकार दोन्ही नसताना. चहा येतो, पुन्हा येतो; पंचांची आपसांत कुजबुज चालते, कोणी उठून शेजारच्या राहुटीत भाव काढून येतो, आणि व्यवस्थापक चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणतो, “बसा हो पाव्हनं, घाई काय हाय?” येथे चहाचा फायदा काय हे काकांनाही विचारावे लागले नसते. सौदा उघड आहे. ठरला तर ठरला, न ठरला तर एक कप चहा बुडाला. बँकेचा सौदा तितका उघड नाही : जो खर्च कार्डावाचून आपण केलाच नसता तो वर्षभर करावयाचा, दुकानदाराने त्यावर बँकांना वर्तावळा द्यावयाचा, त्याने तो मालाच्या किमतीत मिळवावयाचा, आणि त्या सगळ्याच्या शेवटी लोहगावला आपल्यासमोर ‘फुकट’ पोहे. म्हणजे ज्याच्यापाशी कार्ड नाही तोही दुकानात त्या पोह्यांचा वाटा भरतो, आणि विमानतळावर बाहेर बसतो.

लाउंज वाईट असे मला म्हणावयाचे नाही. पहाटे पाचला जुन्नर सोडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला स्वच्छ प्रसाधनगृह, गरम चहा आणि फोन भारित करण्याची जागा मिळते, त्याची किंमत चाकणची कोंडी पाहिलेल्यालाच कळेल. माझा आक्षेप दाराला आहे. नाणेघाटाच्या लेण्याला दार नाही. राणीच्या यज्ञांची यादी ऐकण्याची तयारी एवढाच तेथला परवाना होता, आणि गोविंददासाच्या टाक्यावर बैलवाल्याने प्यावे की सार्थवाहाने, याची कोणी चौकशी केली नसणार.

आमच्या दोन तालुक्यांना एके काळी खेड-चाकणकडे विमानतळ होईल अशी आशा होती. ती जागा बारगळली, आणि पुण्याच्या नव्या विमानतळाची योजना पुरंदर तालुक्यात गेली. तेथील गावांनी जमिनी देण्यास विरोध केला, आणि त्यांची बाजू ऐकण्यासारखी आहे. पण तो विषय वेगळ्या लेखाचा. योजना तडीस गेली तर जुन्नरच्या माणसाला चाकण ओलांडून, मग सगळे पुणे ओलांडून पलीकडे जावे लागेल. पहाटे पाचचे निघणे तीनवर येईल आणि विमानतळावरचा रिकामा वेळ आणखी वाढेल. तेव्हा आराखडे काढणाऱ्यांना आतापासूनच सुचवून ठेवतो, की लाउंजे हवी तितकी बांधा, परंतु त्यांच्या बाहेर, कार्डावाचून कोणालाही पाठ टेकता येईल असा एक लांबरुंद ओटा आणि त्याच्या कडेला पिण्याचे पाणी, एवढी तजवीज नकाशातच करा. भिंतीवर हवी ती जाहिरात लावा, आम्ही वाचू. नमुना पाहावयाचा असेल तर घाटघरची एसटी जुन्नरच्या स्थानकावरून सुटते.